दात बघून घेतलेला कॅमेरा

आमच्या केज तालुक्यात नवी वस्तू घेणाऱ्याला पैसेवाला म्हणतात आणि जुनी वस्तू पारखून घेणाऱ्याला हुशार. गावात मान हुशाराला जास्त. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, विहिरीवरची मोटर, फटफटी, असा आमच्या युसूफ वडगावातला निम्मा संसार आधी कुणाच्या तरी घरी नांदून आलेला असतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पारावर बसलेला माणूस लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरचा नुसता आवाज ऐकून सांगतो, ‘ह्यो आधी कळंबकडं व्हता, अन् मालकानं ऑइल कधी बदललं न्हाई.’

त्यामुळे मी जुना कॅमेरा घेणार असं जाहीर केलं तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. हरकती सुरू झाल्या त्या मी कॅमेऱ्याचे गुण सांगायला लागल्यावर.

गुण असे होते. कॅमेरा २०१२ सालचा. त्यात व्हिडिओ निघत नाही. झूम नाही. फोकस आपोआप होत नाही, हातानं करावा लागतो. लेन्समधून काय दिसतंय ते बघायची सोय नाही. लेन्स एकीकडे, बघायची खिडकी दुसरीकडे. लेन्सचं झाकण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं जग लख्ख दिसतं. दीड हातापेक्षा जवळचं काही त्याला नीट टिपता येत नाही. कार्ड बदलायचं तर तळाची पितळी पाटी काढून ती तोंडात धरावी लागते, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. आणि शेवटचा गुण म्हणजे, त्यात फक्त काळे-पांढरे फोटो निघतात. रंग त्याला दिसतच नाहीत.

“बिघडलाय का?” आमच्या नानांनी विचारलं.

“नाही नाना, कंपनीनं मुद्दाम तसा केलाय.”

“मग इवढा महाग कामून?”

“मुद्दाम तसा केलाय म्हणूनच.”

नाना म्हणजे माझे चुलत चुलते. उभी हयात बैलांच्या बाजारात गेली. नेकनूर, हाळी-हंडरगुळी, माळेगावची जत्रा, हे त्यांचं विद्यापीठ. आंधळा बैल डोळस म्हणून विकणारे लोक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. पण ‘आंधळा आहे’ असं आधीच सांगून वर जास्त पैसे मागणारी ही जर्मनीतली मंडळी बघून त्यांना पहिल्यांदाच कुणाबद्दल आदर वाटलेला मी पाहिला.

कॅमेऱ्याचं नाव लायका एम मोनोक्रोम. १० मे २०१२ ला बर्लिनमध्ये तो जाहीर झाला तेव्हा नुसत्या अंगाची किंमत ७,९५० डॉलर होती, म्हणजे त्या वेळच्या दरानं सव्वाचार लाखांच्या घरात. लेन्स वेगळी. नंतर २०१५, २०२० आणि २०२३ अशा त्याच्या नव्या पिढ्या निघाल्या. शेवटच्यात ६० मेगापिक्सेल आहेत, आमच्यात १८. नव्या पिढ्यांचे भाव विचारायचे तर आधी जमिनीचा फेरफार काढून ठेवावा लागतो, म्हणून पहिल्या पिढीचाच बघायचा हे पक्कं होतं.

“मोबाइलात काढ की मंग,” नाना म्हणाले. “काळं-पांढरं करायचं बटन हाय त्याच्यात. नातीनं माझा केलता तसा.”

हा प्रश्न मला पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या मित्रांनीही विचारला होता. नानांना मात्र तो नीट समजावून सांगता आला, कारण नानांना गाव माहीत आहे. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची फार बारीक जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर या माणसानं ती काढली, १९७६ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक ठिपक्याला आपला एकच रंग कळतो. उरलेले दोन तो शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं ठरवतो.

“म्हंजे शेजारपाजारच्याला इचारून फोटो काढायचा.”

“होय.”

“मंग तो चुकणारच.”

या कॅमेऱ्यात ती जाळीच नाही, मी म्हणालो. प्रत्येक ठिपका आपापल्या डोळ्यानं बघतो आणि उजेड किती एवढंच सांगतो. जाळीत अडकणारा उजेडही वाचतो, त्यामुळे अंधारात जास्त दिसतं आणि रेघ धारदार येते. नाना थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “भांडण नको म्हणून घरच पाडलं की रं.”

इतकं नेमकं परीक्षण मी कुठल्याही मासिकात वाचलेलं नाही. बायर साहेब नोव्हेंबर २०१२ मध्ये वारले. आपली जाळी खरवडून काढलेला कॅमेरा जास्त पैशाला विकला जातोय, हे जाता जाता त्यांनी पाहिलं असणार.

चौकातल्या झेरॉक्सवाल्याचा आक्षेप व्यावसायिक होता. त्याचं म्हणणं, तो रोज शेकडो लोकांना काळं-पांढरं करून देतो आणि पानाला दोन रुपये घेतो. आधारच्या झेरॉक्समध्ये माणूस ओळखू येत नाही हे त्यानं मान्य केलं, पण तसा तो मूळ आधारवरही येत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मतदार यादीचा विषयही त्यानंच काढला. या देशात काळ्या-पांढऱ्या फोटोचा खरा मोठा छंद निवडणूक आयोगाला आहे. आमच्या यादीतले सगळे मतदार दिवे गेल्यावर काढल्यासारखे आहेत आणि तरी त्यांचं मत ग्राह्य धरलं जातं. मग लाखाचा खर्च कशाला?

मी त्याला इतिहास ऐकवला. आपलं गाव निजामाच्या मुलखातलं. सहाव्या निजामाच्या, म्हणजे मीर महबूब अली खानाच्या दरबारात लाला दीनदयाळ नावाचे छायाचित्रकार होते. काचेच्या पाट्या, तिवई आणि भलामोठा कॅमेरा घेऊन ते दौलताबाद-वेरूळपर्यंत फिरले. निजामानं त्यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ असा किताब दिला. सगळं काम काळं-पांढरं! झेरॉक्सवाला म्हणाला, “त्यांना निजाम पैसे देत होता. तुम्हाला कोण देणाराय?”

इतिहासाचा उपयोग इथपर्यंतच.

आता सौद्याकडे येतो. विकणारे गृहस्थ पुण्यात कोथरूडला राहणारे, संगणकाच्या कंपनीतले, अतिशय सज्जन. भेट तिथल्याच एका हॉटेलात ठरली. मी नानांना बरोबर घेतलं. बायकोचं म्हणणं होतं की नाना कशाला, त्यांना कॅमेऱ्यातलं काय कळतं? पण जुना कॅमेरा घेताना काय काय बघावं याची जी यादी मी जमवली होती ती वाचताना मला सारखे नानाच आठवत होते. बैल घेताना आधी दात बघतात. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. विकणारा वय सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि जबडा उघडून खरं बघायचं. कॅमेऱ्याचे दात म्हणजे शटर किती वेळा पडलं त्याचा आकडा. बैलाचा खांदा चाचपतात, जुवाखाली आवाळू आलंय का ते कळतं. कॅमेऱ्याच्या तळाची पाटी आणि लेन्स बसते ती कडी चाचपायची, तिथला रंग उडून पितळ उघडं पडलं असेल तर जनावर खूप जुंपलंय. बैल चालवून बघतात, बसवून उठवून बघतात. आणि सगळ्यांत शेवटी गोम. अंगावरच्या केसांत कुठेतरी लपलेला तो खुणेचा भोवरा, जो एरवी दिसत नाही आणि दिसला की सौदा मोडतो.

या कॅमेऱ्याला अशी एक गोम आहे. या पिढीतल्या सीसीडी सेन्सरवरची काच काही वर्षांनी ओलीनं खराब होते, तिच्यावर बारीक डाग उमटतात. २०१४ साली कंपनीनंच हे जाहीरपणे मान्य केलं आणि सेन्सर बदलून द्यायला सुरुवात केली. पुढे बदलायला ठेवलेले सेन्सरही संपले. त्यामुळे आज असा कॅमेरा घेणाऱ्यानं एकच कागद आधी मागायचा, नव्या काचेचा सेन्सर बसवल्याची पावती. मी तो प्रश्न कसा विचारावा याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात नानांनी खुर्चीत बसता बसता विचारलं, “खोड काय हाय ते आधी सांगा.”

गृहस्थांनी पिशवीतून पावती काढून टेबलावर ठेवली. नानांनी ती चष्मा लावून उलटसुलट बघितली. जर्मन भाषा त्यांना येत नाही, पण शिक्का ओळखता येतो.

पावती असली तरी परीक्षा घ्यायचीच. लेन्सचं तोंड सोळा-बावीसपर्यंत बारीक करायचं आणि पांढऱ्या स्वच्छ पृष्ठभागाचा फोटो काढायचा, म्हणजे काचेवरचे डाग उघडे पडतात. हॉटेलात पांढरं स्वच्छ असं काहीच नव्हतं. भिंती हिरव्या, टेबल तपकिरी, रुमाल कसलाच नाही. शेवटी आम्ही नानांच्या धोतराचा फोटो काढला. मागच्या छोट्या पडद्यावर मोठा करून बघतो तर तीन डाग. गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांनी पावतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “अशक्य आहे,” ते म्हणाले.

“दुसऱ्या गुडघ्यावरचं काढ,” नाना म्हणाले.

दुसऱ्या गुडघ्यावर डाग नव्हते. मग पुन्हा पहिल्यावर काढला, कॅमेरा जरा सरकवून. फोटोतले डाग सरकले, म्हणजे धोतरावर ते होते तिथेच होते. जो डाग कॅमेऱ्याबरोबर फिरतो तो कॅमेऱ्याचा, जो जागेवर राहतो तो धोतराचा. हे शास्त्र नानांनी तिथल्या तिथे मांडलं. बीडच्या स्टँडवर चहा प्यायलो होतो, त्याचे ते डाग होते.

रेंजफाइंडरची जुळणी बघायची राहिली होती. या कॅमेऱ्यात खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो आणि त्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. लेन्स फिरवत गेलं की दोन्ही प्रतिमा जवळ येतात. एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस झाला. लांबच्या टॉवरवर धरून बघायचं, तिथे दोन्ही एक झाल्या पाहिजेत. मी बघितलं, एक झाल्या. नानांनी बघितलं आणि मान हलवली. “दोन दिसायलेत.” पुन्हा बघितलं. तरी दोनच. मग कॅमेरा खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी टॉवरकडे बघितलं आणि म्हणाले, “घे. मला हे मशीन न लावताच दोन दिसतात.” त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अंबाजोगाईला करायचं कधीपासून ठरलेलं आहे.

भाव मात्र त्यांनी स्वतः केला आणि आपल्या रिवाजानं केला. उपरणं हातावर टाकलं आणि त्याखालून त्या गृहस्थांचा हात धरला. संगणकातल्या माणसाचा हात भर दुपारी, हॉटेलात, एका अनोळखी म्हाताऱ्यानं उपरण्याखाली धरून बोटं दाबायला सुरुवात केल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती टिपायला हातात कॅमेरा होता. पण तो अजून त्यांचा होता. मी पद्धत समजावून सांगितली. पूर्ण पंजा म्हणजे पाच, एक बोट म्हणजे एक, हजार की लाख ते तोंडानं सांगायचं. त्यांना मजा वाटायला लागली. दोघंही एकमेकांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते आणि उपरणं हलत होतं. काय ठरलं ते सगळ्यांत शेवटी कळलं ते मला, म्हणजे पैसे देणाऱ्याला. यूपीआयला दिवसाची मर्यादा असल्यामुळे एक लाखाचा इसार तिथेच गेला, उरलेले बँकेतून.

येताना एसटीत नाना म्हणाले, “माणूस चांगला हाय. बोटं दाबताना घाम आला न्हाई त्याला.”

गावात आल्यावर कॅमेऱ्याची पहिली नाचक्की अशी झाली की तो महाग आहे हे कुणालाच पटेना. या कंपनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या कपाळावर लाल टिकली असते, याच्या कपाळावर तीही नाही. नाव नाही, गाव नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार, जो ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना त्यांच्या खुनाच्या थोडाच वेळ आधी भेटला होता, तो आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या चिकटपट्टीनं झाकायचा, म्हणजे लोकांचं लक्ष जाऊ नये. आमच्याकडे चिकटपट्टीची गरज पडली नाही. लग्नात ड्रोन उडवणारा पोरगा माझ्याकडे बघून दयेनं म्हणाला, “सर, माझा जुना डीएसएलआर पडून हाय, घ्या की.”

दुसरी अडचण उन्हाची. रंगीत कॅमेऱ्यात एका रंगाचा उजेड जास्त झाला तर दुसऱ्या रंगावरून तपशील थोडाफार ओढून काढता येतो. इथे रंगच नाहीत, त्यामुळे पांढरं एकदा फाटलं की फाटलं. बीड जिल्ह्यात चैत्रातलं ऊन आणि समोर माणसं कशी, तर पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. सुरुवातीच्या फोटोंत नुसते चेहरे आणि हात आले, मधला माणूस गायब. नानांनी स्वतःचा फोटो बघून विचारलं, “मी धोतर नेसलो व्हतो ना रं?”

मग उजेड कमी धरायला शिकलो आणि बायकांची नाराजी ओढवून घेतली. भावजयीनं नवी पैठणी नेसून फोटो काढून घेतला. हिरवं अंग आणि लाल काठ, दोघंही एकाच करड्यात विरघळले. “भावजी, हे तर चादर गुंडाळल्यावानी दिसतंय.” मी म्हणालो, लाल फिल्टर लावून काढतो, लाल रंग उजळ येईल. काठ उजळला. कुंकू मात्र पार गेलं. घरातल्या ज्येष्ठ बायकांनी तो फोटो तातडीनं पुसायला लावला आणि तो फिल्टर घरात वापरायचा नाही असा नियम केला.

पुढे तो मी निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत वापरला. गुलालानं न्हालेली माणसं फोटोत पांढरीफट आली, पिठाच्या गिरणीतून बाहेर पडलेली. आणि झेंडे? बिनफिल्टरच्या फोटोत भगवा, निळा, हिरवा, सगळे करडेच. कुणाची मिरवणूक, कुणाचा झेंडा, काही कळायला मार्ग नाही. आमच्या जिल्ह्यात हा कॅमेरा सरकारनं वाटायला हवा, असं माझं मत झालंय. आमच्या गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. पहिला तिथे द्यावा.

कॅमेऱ्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते वेगळ्याच दिशेनं. शेजारच्या आजीनं फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, “मेल्यावानी दिसायले का मी?” गावातल्या बैठकीच्या खोलीत काळा-पांढरा फोटो भिंतीवर असतो तो हार घातलेलाच, त्यामुळे प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, नाही आजी, चांगल्या दिसताय. तिनं तो फोटो हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “मंग ह्योच ठिव. न्हाईतर पोरं आधारवरला मोठा करून लावतील.”

हे खरं आहे. आमच्याकडे माणूस गेला की भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो आणि आयत्या वेळी घरात फोटो सापडत नाही. मग आधारवरचा घेतात. हयातभर रुबाबात राहिलेला माणूस शेवटी चौकात आठ फुटांच्या फ्लेक्सवर चोरून पकडल्यासारखा बघत उभा राहतो. आजीचं ऐकून एकेक म्हातारं माणूस यायला लागलं. कुणी फेटा बांधून, कुणी काठी घेऊन, कुणी मिशीला पीळ भरून. “पुढची सोय करून ठिवावी म्हणलं.” पांढऱ्या भुवया, रापलेलं कातडं, सुरकुत्यांची एकेक रेघ, या कामाला असा कॅमेरा दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

त्यातले एक काका यथावकाश गेले. घरच्यांनी माझा फोटो फ्लेक्सवाल्याकडे दिला. दुसऱ्या दिवशी चौकात बघतो तर काकांचा फेटा केशरी, गाल गुलाबी, डोळे घारे आणि मागे काश्मीर. फ्लेक्सवाल्यानं हल्लीच्या कुठल्यातरी ॲपवर टाकून रंग भरले होते. “काळापांढरा होता सर,” तो मला समजुतीच्या सुरात म्हणाला, “करून दिला नीट. पैसे घेतले नाहीत.”

असो. कॅमेरा उत्तम आहे आणि विकायचा नाही, तेव्हा त्याची चौकशी कुणी करू नये. अडचण आहे ती लेन्सची. अंगातच सगळे पैसे गेल्यामुळे सध्या त्यावर सोव्हिएत काळातली ज्युपिटर-८ चढवलेली आहे. मूळ जर्मन लेन्सची ती रशियन नक्कल. लांबचं छान टिपते, जवळून मात्र ज्याचा डोळा पकडावा त्याचा कान येतो. या कॅमेऱ्याची एक सोय अशी की १९५४ पासूनच्या त्याच घराण्यातल्या लेन्सा त्यावर थेट बसतात आणि त्याच्याही आधीच्या, आट्याच्या, एक कडी लावून बसतात. तेव्हा कुणाच्या वाड्यात, माळ्यावर, आजोबांनी हैदराबादहून आणलेली अशी एखादी लेन्स बुरशी न लागता पडून असेल तर युसूफ वडगावला जरूर कळवावं. भाव नाना करतील; येताना हात स्वच्छ धुऊन यावं.